लगाम एकाच्या हाती, मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर

प्राचीन ऑलिंपिक स्पर्धा जिथे व्हायच्या, त्या ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या उत्खननात हा दगड सापडला. एका स्मारकाचा हा चौथरा. वरचा पुतळा केव्हाच नाहीसा झाला, पण दगडावरच्या ओळी टिकल्या. त्या सांगतात: “स्पार्टाचे राजे माझे वडील आणि माझे भाऊ. वेगवान घोड्यांच्या रथानं जिंकून मी, किनिस्कानं, ही प्रतिमा उभारली. साऱ्या ग्रीसमधल्या स्त्रियांत हा मुकुट मिळवणारी मी एकटीच.”

किनिस्का इ.स.पू. ३९६ मध्ये जिंकली आणि पुढच्या खेपेला, इ.स.पू. ३९२ मध्ये, पुन्हा जिंकली. तेही ऑलिंपियात, जिथे स्पर्धेच्या दिवसांत विवाहित स्त्रीनं पाऊल टाकलं तर तिला टिपायॉनच्या कड्यावरून लोटून द्यायचा कायदा होता.

मग ही जिंकली कशी? रथ तिनं हाकलाच नव्हता. हाकायची गरजही नव्हती. चार घोड्यांच्या रथाची शर्यत इ.स.पू. ६८० मध्ये ऑलिंपियात सुरू झाली. ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळायचा तो घोड्यांच्या मालकाला. मालक मैदानात असो वा नसो, विजेता म्हणून पुकारा त्याच्याच नावाचा.

किनिस्काच्या स्मारकात रथ होता, घोडे होते, ती स्वतः होती आणि सारथीही होता. स्मारक पाहून आलेल्या पौसानियास या प्रवाशानं तशी नोंद केली आहे. सारथ्याचं नाव मात्र त्या ओळींमध्ये कुठेच नाही.

त्या सारथ्याचं काम काय होतं, ते आता पाहू.

ऑलिंपियाचं रथांचं मैदान आज दिसत नाही. अल्फिओस नदीच्या पुरांनी ते गिळलं. पण पौसानियासनं ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिथल्या सुरुवातीच्या फाटकाचं वर्णन त्यानं मन लावून केलं आहे. फाटकाचा आकार जहाजाच्या पुढच्या निमुळत्या भागासारखा, टोक मैदानाकडे. दोन्ही बाजू चारशे फुटांहून लांब, आणि त्यांत रथांसाठी खण केलेले. टोकावर एका दांडीवर काशाचा डॉल्फिन, मधल्या वेदीवर पंख पसरलेला काशाचा गरुड. कळ फिरवली की गरुड वर उसळायचा आणि डॉल्फिन खाली पडायचा. म्हणजे हजारोंच्या गर्दीत लांब बसलेल्यालाही कळायचं: शर्यत सुटली!

खणांपुढच्या दोऱ्या मात्र एकदम सुटत नसत. आधी सर्वांत मागच्या, दोन्ही कडांच्या खणांपुढच्या दोऱ्या पडायच्या. ते रथ धावत पुढच्या खणांच्या रांगेत आले की त्यांच्यापुढच्या दोऱ्या. असं करत करत सगळे रथ टोकापाशी एका रेषेत यायचे. क्लिओइटस नावाच्या कारागिरानं ही युक्ती काढली. अडीच हजार वर्षांपूर्वी सुरुवात सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून कुणी एवढं डोकं चालवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे बारा फेऱ्या. मैदानाच्या दोन टोकांना एकेक खांब, त्याला डावीकडे वळत वळसा घालायचा. चार घोडे एका ओळीत जुंपलेले. मधले दोन जोखडाखाली, कडेचे दोन नुसत्या पट्ट्यांवर. वळणावर डावीकडचा घोडा आवरून धरायचा आणि त्याच क्षणी उजवीकडच्याला लगाम सैल सोडायचा. खांबाला फार जवळून गेलात तर चाकाचा आस खांबावर आपटतो, लांबून गेलात तर मागचा आतून पुढे निघून जातो. रथ दोन चाकांचा, हलका. सारथी उभा. मागून येणाऱ्या रथाला वाट बदलायला वेळ मिळत नाही. एक कोसळला की त्याच्यावर दुसरा.

इ.स.पू. ४६२ मध्ये डेल्फीच्या स्पर्धेत नेमकं हेच झालं. उत्तर आफ्रिकेतल्या किरेनीचा राजा आर्केसिलास याचा रथ जिंकला. कवी पिंडारनं राजासाठी विजयगीत रचलं, आणि रिवाज बाजूला ठेवून त्यात सारथ्याचं भरभरून कौतुक केलं. त्याचं नाव कारोटस. पिंडार सांगतो, चाळीस सारथी पडत असताना यानं रथ अभंग राखला, बाराही फेऱ्यांत लगाम तुटू दिला नाही. राजाच्या पैशानं लिहिलेल्या गीतात सारथ्याला एवढी जागा देणाऱ्या या कवीबद्दल माझ्या मनात आदर आहे.

बाकी ठिकाणी मालकच मालक. अथेन्सच्या अल्किबियाडीसनं इ.स.पू. ४१६ मध्ये ऑलिंपियात एकट्यानं सात रथ उतरवले. पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक त्याच्याच रथांचा. पुढच्याच वर्षी सिसिलीवरच्या मोहिमेचं नेतृत्व मागताना त्यानं अथेन्सच्या सभेत हा विजय आपली लायकी म्हणून मांडला. घोडेस्वारीच्या शर्यतीतही तोच नियम. करिंथच्या फिडोलासची ऑरा नावाची घोडी सुटता सुटताच स्वाराला पाडून मोकळी झाली. पण ती थांबली नाही. खांबाला नीट वळसा घालून ती सगळ्यांच्या पुढे पोचली आणि पंचांसमोर येऊन उभी राहिली. पंचांनी फिडोलासला विजयी ठरवलं. घोडा जिंकला, मालक जिंकला, स्वार धुळीत.

किनिस्काचा भाऊ अगेसिलॉस याला हे सगळं खटकत होतं. ग्रीक इतिहासकार झेनोफोन लिहितो की बहिणीला घोडे पाळायला आणि शर्यतीत उतरवायला त्यानंच उद्युक्त केलं. रथाच्या विजयाला शौर्य लागत नाही, पैसा लागतो, हे त्याला ग्रीसला दाखवून द्यायचं होतं. त्याचा मुद्दा मला पटतो. पण त्यासाठी त्यानं बहिणीला पुढे केलं, आणि ती नुसतं प्यादं बनून राहिली नाही. “मी एकटीच” हे शब्द तिनं अभिमानानं कोरून घेतले आहेत.

आता डेल्फीचा हा काशाचा सारथी पाहा. १८९६ मध्ये तो जमिनीतून वर आला. उंची १ मीटर ८० सेंटीमीटर. डावा हात नाही. उजव्या मुठीत लगामांचे तुकडे अजून आहेत. पायघोळ अंगरखा पोटाच्या बराच वर पट्ट्यानं बांधलेला, आणि वाऱ्यानं फुगू नये म्हणून खांद्यांवरून काखेतून दोरी आवळलेली. कपाळावरची पट्टी चांदीनं मढवलेली, ओठ तांब्याचे, पापण्यांचे केससुद्धा तांब्याचे. पावलं अनवाणी, त्यांवर शिरा दिसतात. रथात उभ्या असलेल्या माणसाची पावलं खालून कोण बघणार होतं? तरीही शिल्पकारानं ती इतक्या निगुतीनं घडवली. चौथऱ्यावर नाव आहे सिसिलीतल्या गेलाच्या सत्ताधीशाचं, पॉलिझालसचं. एवढ्या जिवंत चेहऱ्याचा हा तरुण कोण, हे कुणी लिहिलं नाही.

रोममध्ये चित्र उलटलं.

तिथल्या सर्कस मॅक्सिमसमध्ये मैदानाच्या मधोमध लांब कठडा, सात फेऱ्या, आणि एका वेळी बारापर्यंत रथ. लाल, पांढरा, निळा, हिरवा असे चार संघ. रोमन सारथी लगाम कमरेला गुंडाळून बांधायचा, म्हणजे अंगाच्या वजनानं घोडे आवरता यायचे. रथ उलटला की तोच लगाम त्याला फरपटत न्यायचा, म्हणून तो कापायला पट्ट्यात सुरी. सारथी बहुतेक गुलाम किंवा गुलामीतून सुटलेले. पण शहराच्या तोंडी नावं त्यांची होती. स्कॉर्पस २,०४८ शर्यती जिंकला आणि तिशीच्या आत मेला.

द्वेषही त्यांच्या वाट्याला आला. उत्तर आफ्रिकेत शिशाचे पातळ पत्रे सापडले आहेत, त्यांवर शाप कोरलेले. एकात भुताला साकडं घातलंय: हिरव्या आणि पांढऱ्या संघाच्या घोड्यांना छळ, मार, आणि क्लारस, फेलिक्स, प्रिम्युलस, रोमानस या सारथ्यांना ठार कर, त्यांच्यात श्वास ठेवू नकोस. मालकाचा उल्लेखही नाही.

आणि हा डायोक्लीस. लुसिटानियाचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या बाजूचा. २४ वर्षं रथ हाकून वयाच्या ४२ व्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याच्या शिलालेखात हिशोब कोरला आहे: ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय, ३,५८,६३,१२० सेस्टर्स (रोमन नाणी) बक्षीस. विजय कसे मिळाले तेही आहे. ८१५ वेळा सुरुवातीपासून आघाडी घेऊन. ६७ वेळा मागून येऊन. ३६ वेळा दुसऱ्याला पुढे जाऊ देऊन. ४२ वेळा इतर प्रकारांनी. आणि ५०२ वेळा अगदी शेवटी, पुढच्याच्या हातातून हिसकावून.