ओकायामातलं माझं रोजचं जपान

हे जे समोर दिसतंय ना, ते ओकायामा स्टेशन. टोकियो, क्योतो सगळ्यांना माहीत असतं, ओकायामा म्हटलं की पहिला प्रश्न, हे नेमकं कुठे आलं? तर ओसाका आणि हिरोशिमाच्या मध्ये, शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, शिन-ओसाकाहून पाऊण तास. मी इथे शिकायला आहे, दोन वर्षं होत आली.

सकाळी सायकल काढायची, त्याआधी कचरा ठेवून यायचा. कुठल्या वारी जळणारा, कुठल्या वारी बाटल्या, हे सगळं ठरलेलं असतं, माझ्या फ्रिजवर त्याचा तक्ता चिकटवलाय. मग क्लास, लॅब, संध्याकाळी पार्ट टाइम. स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यामुळे पैशाचा हिशोब काटेकोर ठेवावा लागतो, आणि म्हणून संध्याकाळचं सुपरमार्केट मला फार जवळचं.

हे बघा, रात्री आठ वाजत आलेत. त्या काकू स्टिकरचा रोल घेऊन आल्या, बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांवर एकेक करून लावतायत, त्यावर लिहिलंय हानगाकु, म्हणजे अर्धी किंमत. आसपास चार-पाच जण उभे असतात पण कोणी पुढे घुसत नाही, काकूंचा हात पुढच्या डब्याकडे गेला की मगच मागचा डबा उचलायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं.

भाषेचं मात्र सांगते, मराठी माणसानं घाबरू नये. "वाताशी वा ओकायामा नी सुंदेइमासु", मी ओकायामात राहते. क्रियापद शेवटी, आणि आपला "त" जिथे लागतो तिथेच त्यांचा "नी". कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली अक्षरं, पाठ करायला वेळ जातो, पण वाक्य डोक्यात आपोआप बसतं.

रविवारी मी ट्राम पकडते आणि शिरोशिताला उतरते. शिरोशिता म्हणजे किल्ल्याच्या खाली. तो काळा किल्ला १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला होता, १९६६ मध्ये परत बांधला. नदीपलीकडे कोराकुएन, १७०० साली पूर्ण झालेली बाग, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. पुण्याच्या लोकांना इथे आल्यावर ओळखीचं वाटेल, कारण सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलंय. मी लहानपणी तिथल्या तळ्यातले मासे बघायला हट्ट करायचे. पण पुण्यात नाही ते इथे आहे, बागेतच भाताची खाचरं! एवढ्या राजेशाही बागेत चिखल, पाणी आणि रोपं. जूनमध्ये इथे लावणीचा सोहळा होतो, आमच्या मावळातल्या शेताची आठवण येऊन मी पहिल्या वर्षी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

आणि आता हे पक्षी. डोक्यावर लाल टिक्का असलेले पांढरे क्रौंच, जपानीत तानचो. युद्धानंतर या बागेत एकही उरला नव्हता. १९१५ मध्ये ग्वो मोरुओ नावाचा एक चिनी मुलगा ओकायामात शिकायला आला होता, आपल्यासारखाच परदेशी विद्यार्थी, याच बागेत फिरलेला. पुढे तो मोठा कवी झाला, चीनच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. १९५५ मध्ये तो परत इथे आला तेव्हा क्रौंच नव्हते, म्हणून १९५६ मध्ये त्यानं एक जोडी पाठवून दिली. मधल्या काळात दोन्ही देशांत केवढं युद्ध होऊन गेलं होतं, तरी त्याला ही बाग आठवत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता क्रौंच पिंजऱ्यात असतात, पण १ जानेवारीला सकाळी त्यांना बागेत मोकळं सोडतात, गवतावरून आरामात चालत जातात म्हणे. गेल्या वर्षी माझी ड्युटी होती. या वर्षी त्या दिवसाची सुट्टी मी आत्ताच सांगून ठेवलीय.