चिखलावर आखलेली राजधानी

(ड्रोन : रायबंदर ते पणजी)

डावीकडे मिठागरं, उजवीकडे मांडवी. मधून जाणारा हा तीन किलोमीटरचा रस्ता १६३३-३४ मधला. खालच्या कमानी पाहा. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला परत जातं. बांधणाऱ्यांनी नदीची वाट अडवली नाही, एवढं लक्षात ठेवू.

पोर्तुगीजांची राजधानी तेव्हा जुन्या गोव्यात होती. पणजी म्हणजे ताळगावचा एक वाडा: आदिलशहाचा महाल, टेकडीवर चर्च, बाकी माड आणि दलदल.

(महाल, नदीकडून)

साथीच्या रोगांनी जुनं गोवं ओस पडत गेलं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज वेशीशी आली आणि राजधानी मुरगावला न्यायचा बेत शिजला. कामही सुरू झालं, पण तडीला गेलं नाही. १७५९ मध्ये व्हाइसरॉय या महालात राहायला आला, तरी पणजीला शहर म्हणावं असं काही नव्हतं.

ते आखलं व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु याने, १८२७ ते १८३५ या काळात. खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल जमिनी, आणि डबकी भरून काढली, त्यावर काटकोनात रस्ते टाकले, बराकी उभारल्या. आजचं पोलीस मुख्यालय त्याच बराकींत आहे. चिरे बरेचसे जुन्या गोव्याच्या पडक्या वास्तूंचे. एक राजधानी मोडून दुसरी बांधली, असंच म्हणायला हवं.

(चर्चची घंटा)

ही घंटासुद्धा तिथलीच. मूळची ऑगस्टिनियन मठातली, १८७१ मध्ये इथे चढवली.

(फोंताइन्यश, ओरें खाडी)

हे फोंताइन्यश, पणजीतली जुनी वस्ती. इथे पूर्वी माडांची बाग होती. टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं दाटीने बसली. पावसाळ्याने विटलेल्या भिंतींना पुन्हा रंग चढतो तो असा.

२२ मार्च १८४३ ला राजाज्ञेने पणजी ‘नोव्हा गोवा’ झाली. १९६१ मध्ये मुक्ती, १९८७ मध्ये घटक राज्य. राजधानी हीच राहिली. विधानसभा मात्र २००० मध्ये मांडवीपलीकडे पर्वरीला गेली.

(सांत इनेज खाडी)

ही खाडी आता नाला म्हणूनच ओळखली जाते. दोन्ही काठांवर काँक्रीट आहे, आणि जोराचा पाऊस झाला की ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी तुंबतं.