माइट मेले, तरी शिंका का थांबत नाहीत?

नमस्कार मंडळी. "गादीला दिवसभर ऊन दाखवलं, तरी सकाळी शिंका सुरूच!" एवढ्या जणांनी हेच विचारलंय की आज फक्त याच्यावरच बोलू.

बाकीचं भराभर. डस्ट माइट हा घरातल्या धुळीत, गादीत राहणारा पाव-एक मिलिमीटरचा, आठ पायांचा जीव. आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा खातो. पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो, म्हणून कोकणातल्या दमट घरांत त्याचं फावतं. आणि तो चावत नाही! दर व्हिडिओखाली कुणीतरी हातावरचे चट्टे त्याच्या माथी मारतंच. अहो, चट्टे असतील तर आधी ढेकूण शोधा.

अॅलर्जीचं मोठं कारण आहे त्याच्या विष्ठेतलं पाचक एन्झाइम. त्याचं नाव डेर पी १. खाल्लेली प्रथिनं कापणं हे त्याचं काम, आणि माइटच्या पोटातून बाहेर पडल्यावरही ते कापतंच. विष्ठेची गोळी नाकाच्या ओल्या अस्तरावर पडली की एन्झाइम विरघळतं आणि पेशींना एकमेकींशी बांधणारी प्रथिनं तोडतं. आत शिरायची वाट ते स्वतःच करून घेतं. धुळीतलं हे अॅलर्जन, म्हणजे अॅलर्जी करणारा पदार्थ, मुख्यतः विष्ठेतून येतं, हे टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स या संशोधकांनी १९८१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं.

आता ऊन. कडक उन्हात माइट मरतात, मान्य. पण गोळ्या गादीतच राहतात ना! फवारा मारलात? माइट मेले, गोळ्या तिथेच. माझी आजी अंगणात गादी काठीने झोडपायची आणि मी शेजारीच उभा. संध्याकाळपर्यंत माझी छाती घरघरायची, कारण झोडपून गोळ्या हवेत उडतात. त्या जड असतात, थोड्या वेळात खाली बसतात, पण तेवढ्यात माणूस श्वास घेतोच.

म्हणून चादरी, अभ्रे, गोधड्या धुवा. थंड पाण्यानेही एन्झाइम बरंचसं निघून जातं, पण माइट जगतात. ६० अंशांच्या पाण्यात दोन्ही कामं होतात. ऊन नंतर दाखवा, वाळवायला.

कापसाची गादी धुता येत नाही, तिला घट्ट विणीचं, चेनचं कव्हर घाला. नुसत्या कव्हरने दमा जात नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करू नका. मागे एका ताईंनी "कव्हर आणलं, पंप सोडला" असं लिहिलं होतं. ताई, पंप आजच सुरू करा आणि डॉक्टरांना भेटा.