पलीकडच्याला काय ऐकू येतं?

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी एक विचारतो. गाडी चालवताना हँड्सफ्रीवर केलेल्या फोनमध्ये आपला आवाज पलीकडे कसा पोचतो, हे तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय? हात वर करा. दोन. मागे एक दिसतोय, म्हणजे तीन.

मी गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवतो, बिघडलेले दुरुस्त करतो. गाण्यांच्या तक्रारी मालक स्वतः घेऊन येतो: बास घुमतोय, डावा स्पीकर खरखरतोय. फोनची तक्रार मात्र नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असते. "घरचे म्हणतात, गाडीतून फोन करू नकोस, काही कळत नाही." असं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अविश्वासच असतो, कारण त्याला स्वतःला सगळं स्वच्छ ऐकू येत असतं. गाणी तुमच्या कानावर पडतात, पण गाडीतून गेलेला तुमचा आवाज फक्त पलीकडच्याच्या कानावर पडतो. त्यामुळे स्टिरिओच्या मेन्यूत फोनसाठी जी सेटिंग्ज असतात, त्यातली निम्मी तुमच्यासाठी नसतातच. ती त्या पलीकडच्या माणसासाठी असतात, आणि म्हणूनच ती कुणी कधी उघडून बघत नाही.

मला हे कळलं ते आईमुळे. मी या धंद्यात पडण्याआधीची गोष्ट. माझ्या पहिल्या गाडीत ज्याने स्टिरिओ बसवला, त्याने माइक डॅशबोर्डवर एसीच्या जाळीशेजारी चिकटवला होता. तिथे वायर लपवायला सोपं जातं. जवळजवळ वर्षभर आई गाडीतून केलेला माझा फोन अर्ध्या मिनिटात आटपायची. "बरं बरं, घरी आलास की बोलू." मला वाटायचं, मी गाडी चालवतोय म्हणून ती काळजीने थोडक्यात उरकतेय. एकदा मी घरी होतो, गाडी भाऊ घेऊन गेला होता आणि त्याचा फोन आला. आई म्हणाली, तूच घे. मी फोन कानाला लावला. आधी सोसाट्याचा वारा, त्यात कुठेतरी भावाचा आवाज, शब्दांची शेपटं तेवढी कळत होती. मी "काय? काय?" करत राहिलो आणि शेवटी म्हणालो, "बरं, घरी आलास की बोलू." म्हणजे वर्षभर आई हेच ऐकत होती आणि कधी बोलली नव्हती.

म्हणून सेटिंगच्या आधी माइक. कंपनीतूनच आलेल्या गाडीत तो बहुधा छतावरच्या दिव्याजवळ किंवा स्टिअरिंगच्या आसपास असतो, त्याला तुम्ही हात लावू शकत नाही. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओबरोबर वायर असलेला छोटा माइक येतो आणि तो कुठे लावायचा हे आपल्या हातात असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. गाडीत आवाज काचांवरून परतत असल्यामुळे हिशोब इतका नेमका राहत नाही, पण इंजिनाची घरघर आणि टायरांचा आवाज मात्र सगळ्या गाडीत सारखाच भरलेला असतो. माइक तोंडापासून जितका दूर, तितका त्या घरघरीचा वाटा मोठा. चालकाच्या बाजूच्या सन व्हायझरची क्लिप किंवा समोरच्या काचेच्या कडेचा खांब, या दोन जागा मला पटतात. माइकचं तोंड चालकाच्या तोंडाकडे असलं पाहिजे. व्हायझरवर लावलात तर तो खाली केल्यावर माइकची दिशा बदलते का तेही बघा. एसीच्या झोतात मात्र कधीही नको. वारा माइकच्या पडद्यावर थेट आदळला की त्यातून आवाज वेगळा काढणं कुठल्याच सेटिंगला नीट जमत नाही.

आता आतलं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण मला ते फार आवडतं. ब्लूटूथवरून गाणी एका रीतीने येतात आणि फोन दुसऱ्या रीतीने. एकच फोन जोडलेला असला तरी स्टिरिओच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. गाणी वाजतात पण फोन गाडीत येत नाही, किंवा उलट, ही तक्रार तिथूनच निघते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे गेलात की बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'कॉल' आणि 'मीडिया' अशी दोन वेगळी बटणं दिसतात. त्यातलं एक बंद असतं, एवढंच. आणि हिरवं बटण दाबून तुम्ही फोन उचलता तेव्हा स्टिरिओ फोनला तीन अक्षरं पाठवतो: ए, टी, ए. १९८१ साली हेझ कंपनीच्या मोडेमबरोबर, म्हणजे संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या डब्याबरोबर, संगणकाने मोडेमला हुकूम द्यायची जी भाषा आली, तीच ही. 'ए-टी' म्हणजे 'लक्ष दे', पुढचा 'ए' म्हणजे 'उत्तर दे'. मोडेम अडगळीत गेले, पण ती अक्षरं आजही तुमच्या गाडीत रोज फिरतात.

याच भाषेत स्टिरिओ फोनला आणखी एक गोष्ट सांगू शकतो: तुझी आवाज गाळायची यंत्रणा बंद कर, ते काम मी करतो. दोघांनीही तेच काम केलं तर आवाज दोनदा गाळला जातो आणि पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. हे संभाषण काही जोड्यांमध्ये नीट जमत नाही. एकाच स्टिरिओवर एकाचा फोन स्वच्छ आणि दुसऱ्याचा बुडबुडल्यासारखा, असं होतं ते यामुळेही असू शकतं. दोन्हींचं सॉफ्टवेअर अपडेट करणं हा त्यावरचा पहिला उपाय.

सेटिंग तीन आहेत. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, पण अर्थ हाच. पहिलं माइक गेन, म्हणजे माइकने किती जोरात ऐकायचं. पलीकडचा "ऐकू येत नाही" म्हणाला की सगळे हेच वाढवतात. पण गेन तुमच्या आवाजाबरोबर इंजिनही वाढवतो, आणि फार वाढवला की आवाज फाटतो. माझा अनुभव असा की दहातल्या सहा-सात गाड्यांत तो वाढवायचा नसून उतरवायचा असतो. दुसरं, गोंगाट कमी करणारं. हे सतत चालणारी घरघर ओळखून वजा करतं. जास्त ठेवलं तर ते तुमच्या शब्दांची सुरुवातही घरघर समजून खाऊन टाकतं. 'सांगतो'चं 'आंगतो' होतं.

तिसरं सेटिंग इकोचं, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. फोनवर बोलताना तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष बहुतेक वेळा समोरच्याकडे असतो. त्याच्या गाडीतल्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतो आणि क्षणभर उशिराने तुमच्याकडे परततो. म्हणजे तुमच्या गाडीतला इको तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. स्टिरिओला स्पीकरवर काय पाठवलं हे माहीत असतं, माइकमध्ये आलेल्या आवाजातून तो ते वजा करतो. पण फोनचा आवाज तुम्ही इतका चढवून ठेवलात की स्पीकर थरथरायला लागतात, तर परत येणारा आवाज पाठवलेल्यापेक्षा वेगळा होतो आणि वजाबाकी चुकते. म्हणून इकोच्या सेटिंगला हात लावण्याआधी कॉलचा आवाज दोन घरं खाली आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. कॉलचा आवाज गाण्यांपेक्षा वेगळा असतो आणि तो कॉल चालू असतानाच बदलतो. कॉल नसताना गोल बटण फिरवलंत तर फक्त गाणी कमी-जास्त होतात.

मग हे जुळवायचं कसं? गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, काचा बंद, एसी रोज असतो तेवढ्यावर. ज्याचे कान चांगले आहेत आणि जो खरं बोलतो अशा एकाला घरात शांत जागी बसवा आणि फोन करा. "येतंय का ऐकू?" असं विचारू नका, माणसं भिडेपोटी "हो हो" म्हणतात. आकडे सांगा आणि लिहून घ्यायला लावा: सात, साठ, सतरा, सदुसष्ट. ते परत वाचायला सांगा. चुका कुठे होतात ते बघून एका वेळी एकच सेटिंग एक घर हलवा, पुन्हा आकडे. मग जागा बदला. तुम्ही घरात फोन घेऊन बसा आणि गाडीत दुसऱ्याला बसवा. हे दहा मिनिटांचं काम आहे. झालं की तिन्ही सेटिंग कितीवर ठेवली ते कागदावर लिहून गाडीतच ठेवा, कारण बॅटरी काढली की काही स्टिरिओ सगळं विसरतात.

आवाज तरीही टेलिफोनसारखा चिरका वाटला तर दोष सेटिंगचा नसेल. जुन्या पद्धतीच्या हँड्सफ्रीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. २०११ साली आलेल्या सुधारित पद्धतीत ते १६,००० झाले आणि 'स', 'श' ही अक्षरं स्पष्ट यायला लागली. पण त्यासाठी स्टिरिओ, फोन आणि दोन्हीकडचं नेटवर्क, सगळ्यांनाच ते जमावं लागतं.

एक सेटिंग मी प्रत्येक गाडीत बंद करून देतो: आपोआप फोन उचलणारं. वाजल्यावर काही सेकंदांत स्टिरिओ स्वतःच फोन घेतो. सोयीचं वाटतं. पण त्या क्षणी गाडीत जे बोलणं चाललंय ते फोन करणाऱ्याला ऐकू जातं, आणि तो जे बोलायला लागतो ते गाडीतल्या सगळ्यांना. तपासणीचा रिपोर्ट, पैशांची अडचण, घरातलं भांडण, माणूस "हॅलो"नंतर लगेच बोलून जातो. त्याला वाटतं, तुम्ही एकटे आहात. म्हणून गाडीत कुणी असेल तर पहिलं वाक्य हेच असावं: "गाडीत आहे, सोबत दोघं आहेत." स्टिरिओवर आवाज पुन्हा फोनच्या कानात नेणारं बटणही असतं. गाडी थांबवून मग ते वापरा.

मघाशी कुणीतरी विचारलं की हँड्सफ्री असेल तर बोलत राहायला काय हरकत. हात मोकळे राहतात, हे खरं. पण १९९७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून एक अभ्यास छापून आला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्रीने तो कमी झाल्याचं दिसलं नाही. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली सिम्युलेटरवर आणखी एक गोष्ट दाखवली. हायवेवरून ठरलेल्या ठिकाणी बाहेर पडायचं होतं. शेजारी बसलेल्याशी बोलणाऱ्या बहुतेक चालकांना ते जमलं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे चुकले. शेजारच्याला रस्ता दिसतो, समोर ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो. पलीकडच्याला रस्ता दिसत नाही, त्यामुळे तो बोलतच राहतो. बोलून फोन डायल करणंही फुकट पडत नाही. अमेरिकेत रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या एएए फाउंडेशनच्या २०१५ च्या चाचण्यांत आज्ञा देऊन झाल्यावरही काही यंत्रणांमध्ये २७ सेकंदांपर्यंत मन पूर्ण रस्त्यावर आलेलं नव्हतं. ताशी ६० किलोमीटरने तेवढ्यात गाडी ४५० मीटर पुढे जाते. मी स्वतः गाडीत फक्त दोन वाक्यांचा फोन घेतो. त्यापुढचं बोलणं असलं तर सांगतो, थांबून करतो, आणि खरंच बाजूला घेऊन करतो.

फोन जोडताना स्टिरिओ एक सहा आकडी संख्या दाखवतो, तीच फोनवर दिसते ना ते बघून मग 'हो' म्हणा. त्यानंतर फोन विचारतो, संपर्क आणि कॉलची यादी द्यायची का? तिथे घाईत 'नाही' झालं की पडद्यावर नावं न येता नुसते नंबर येतात. देवनागरीत साठवलेल्या नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर स्टिरिओकडे ती अक्षरंच नाहीत, फोन जोडून-तोडून काही होणार नाही.

पण 'हो' म्हणालात की तुमच्या फोनमधली सगळी नावं आणि नंबर गाडीत उतरतात, आणि कित्येक स्टिरिओंमध्ये फोन दूर गेल्यावरही तिथेच राहतात. भाड्याची गाडी असेल तर मी संपर्क देतच नाही. मागे एक जण जुनी गाडी विकत घेऊन माझ्याकडे आले होते. ब्लूटूथ जुळत नव्हतं. मी मेन्यू उघडला तर जोडलेल्या फोनची यादी भरलेली, आणि पहिल्या मालकाची पूर्ण फोनबुक आत. आई, शाळेच्या बाई, डॉक्टर घरचा नंबर. त्या कुणालाही माहीत नव्हतं की आपला नंबर या गाडीबरोबर विकला गेलाय. मी आधी फोनबुक पुसली, मग एकेक फोन काढला, आणि शेवटी स्टिरिओ मूळ अवस्थेत नेला. गाडी विकायला काढाल तेव्हा किल्ली देण्याआधी हे तुम्ही स्वतः करा. आणि आपल्या फोनमधूनही त्या गाडीचं नाव काढून टाका.