कोनमापक, पट्टी आणि धनुष्याची दोरी

कोरा कागद. आडवी रेघ ओढली, कोनमापकाचा मध्य तिच्या टोकाला लावला आणि 40 अंशांवर ठिपका दिला. ठिपक्यातून तिरकी रेघ. गुण्या सरकवत वरून लंब खाली आणला की काटकोन त्रिकोण पुरा.

कर्ण 10 सेंटिमीटर. कोनासमोरची बाजू पट्टीवर 6.4.

आता कोन तोच, कर्ण निम्मा: 5. समोरची बाजू 3.2. मग मोठा कागद, कर्ण 20. या वेळी 12.9 दिसतंय, पेन्सिलीचं टोक बोथट झालंय, तेवढं चालायचंच. समोरची बाजू भागिले कर्ण. तिन्ही वेळा 0.64च्या आसपास.

कोन तेच, म्हणजे त्रिकोण समरूप. बाजू वाढतात त्या एकाच प्रमाणात. या भागाकाराचं नाव साइन. तक्ता पाठ करायच्या आधी तो एकदा हाताखालून जायला हवा. पाठांतरात 30, 45, 60 तेवढे येतात. 40च्या वाट्याला कुणी जात नाही.

कोन दुप्पट केला तर? 80 अंश, कर्ण 10च. बाजूही दुप्पट, 12.8? लंब कर्णापेक्षा लांब कसा होईल! पट्टी सांगते, 9.8.

आता हे धनुष्य. कमान म्हणजे चाप, ताणलेली दोरी म्हणजे ज्या. दोरी मधोमध धरली की उरते ती अर्धज्या. वर्तुळाच्या केंद्रापासून तिच्या टोकापर्यंत त्रिज्या काढली, की मघाचाच काटकोन त्रिकोण. त्रिज्या हा त्याचा कर्ण.

इ. स. 499. आर्यभटानं त्रिज्या घेतली 3438 आणि पाव वर्तुळाचे केले 24 भाग. प्रत्येक भागाला अर्धज्या किती वाढते, ते आकडे त्यानं एका श्लोकात बसवले. ऐका: मखि, भखि, फखि, धखि. अर्थ शोधू नका, ही अक्षरं म्हणजे अंक आहेत. म 25, खि 200, झाले 225. पुढे 224, 222, 219. शेवटची वाढ अवघी 7. मघाची बाजू 80 अंशांना का अडखळली, ते या उतरत्या आकड्यांत दिसतं.

जीवा हा 'ज्या'चाच दुसरा शब्द. अरबी लिपीत तो गेला, तिथं कुणी 'जैब' वाचला, म्हणजे वस्त्राची घडी. लॅटिनमध्ये त्या घडीचा झाला सायनस. तोच साइन. पुढे तो भूमापनात गेला, नौकानयनात गेला, ध्वनिलहरींच्या गणितातही शिरला.

कोनमापक उलटा धरलाय. सरळ कडेला कागदाची नळी चिकटवलेली, मधल्या भोकातून दोरा, दोऱ्याला नट. झाडाची उंची मोजायचीय. झाड 10 मीटरवर. नळीतून शेंडा दिसला. दोरा हलतोय, हलतोय, 50वर थांबला. नव्वदातून वजा केले, 40.

पुन्हा पहिला कागद. तळाची बाजू 7.7. समोरची 6.4 भागिले 7.7, म्हणजे 0.83. हे टॅन. दहानं गुणलं, 8.3 मीटर. डोळा जमिनीपासून दीड मीटर वर होता, तो मिळवला.

9.8 मीटर.