जुलाब: आधी पाणी, मग औषध

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात फुटक्या नळांत आणि विहिरींत सांडपाणी मुरतं आणि घरोघरी जुलाब सुरू होतात. लहान मुलांत बहुतेकदा रोटासारखा विषाणू असतो, तर मोठ्यांत दूषित पाणी किंवा शिळं अन्न. पण कारण शोधत बसण्याआधी शरीर सुकू लागतं, आणि जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून जुलाब 'बांधायची' घाई नको. लोपेरामाइडसारखी गोळी लहान मुलांना देऊच नये. मोठ्यांनीही ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर ती टाळावी. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य.

खरं औषध म्हणजे जलसंजीवनी, म्हणजेच साखर-मिठाचं ओआरएस द्रावण. आतडं आजारी असलं तरी साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाइन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले.

चूक होते ती ढवळताना. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घातली, तर दाट द्रावण उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं, मोजून घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, 5 मिलिलिटरचा. द्रावण 24 तासांनी ओतून टाका. शीतपेयं किंवा 'एनर्जी'ची डबाबंद पेयं हा पर्याय नव्हे. त्यांत साखर फार आणि क्षार कमी.

दर जुलाबामागे 2 वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्यानं पाजा. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण चालू ठेवा. उपाशी ठेवल्यानं आतडं लवकर सुधारत नाही. 6 महिन्यांपुढच्या मुलाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस. 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करा.

डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसू लागली, लघवी होईना, मूल सुस्त पडलं किंवा पिईनासं झालं, तर दवाखाना गाठा. रक्ताचे जुलाब असले तरीही.

आता कुत्र्यामांजरांकडे वळू. खाणं अचानक बदलणं, कचऱ्यात तोंड घालणं, जंत, दूध न पचणं ही नेहमीची कारणं. मोठा कुत्रा खेळकर असेल, उलट्या नसतील, तर भरपूर पाणी ठेवा आणि उकडलेलं चिकन-भात थोडं थोडं द्या. त्यात मसाला, कांदा, लसूण नको. कांदालसूण त्यांच्या रक्तपेशींना घातक आहे. घरातल्या औषधांच्या डब्याला हातही लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

लसीकरण अपुरं असलेलं पिल्लू उलट्या करत असेल आणि जुलाब रक्तमिश्रित, उग्र वासाचे असतील, तर पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, समजून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. तिथे सलाइन लागतं. लस 6 ते 8 आठवड्यांपासून, दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांपर्यंत द्यायची असते. एकच डोस देऊन थांबणं हीच नेहमीची चूक. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. आधी घाण पूर्ण काढा, मग एक भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी अशा मिश्रणानं फरशी 10 मिनिटं ओली ठेवा. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही, पण जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी कुत्र्याकडून येऊ शकतात. विष्ठा उचलल्यावर साबणानं हात धुवा. सॅनिटायझर तिथे पुरत नाही.