खिशातला एक फोन आणि वर्गातली ४० पोरं

(सोलापुरात शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. आपल्या जिल्ह्यात शाळा आणि टेक्नॉलॉजी हा विषय निघाला की पहिलं नाव परितेवाडीचं येणार, आणि यायलाच पाहिजे. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, त्यातली अर्धी रक्कम अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ जणांना देणार असं त्यांनी जाहीर केलं, हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पण मला कायम वाटतं की आपण डॉलर लक्षात ठेवले आणि काम विसरलो. काम काय होतं ओ? पुस्तकाच्या पानावर एक छापील चौकोन, फोनने स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. ना स्मार्ट बोर्ड, ना उद्घाटनाची फीत.

तो क्यूआर कोड सुद्धा शाळेसाठी जन्मलेला नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो बनवला. कारखान्यात कोडवर डाग पडणार, तो फाटणार, म्हणून त्यात जादा माहिती भरून ठेवतात, कोड कसा बनवलाय त्यावर सात ते तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणजे चौथीतल्या पोराच्या दप्तरात टिकायला एकदम फिट. बालभारतीच्या पुस्तकात आता हे कोड आहेत, २०१७ ला दीक्षा हे सरकारचं शिक्षणाचं ॲप आलं, त्यातला व्हिडिओ एकदा रेंजमध्ये असताना उतरवून घेतला की वर्गात नेटची गरज नाही. हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण उतरवायचं राहून जातं आणि मग तास सुरू झाल्यावर गोल गोल फिरणारं चक्र बघत बसायचं.

आता जरा कडू बोलतो. आपल्याकडे डिजिटल शाळा म्हणजे काय, तर भिंतीवर प्रोजेक्टर. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, चाळीसच्या वर पारा, वर पत्रा, आणि चित्र दिसावं म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. पोरं घामाघूम होऊन पचनसंस्थेचं ॲनिमेशन बघतात, छान दिसतं, रंगीत असतं, आणि संपल्यावर विचारलं लहान आतड्यात काय होतं, की सगळे छताकडे बघतात. दोष पोरांचा नाही. टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघून कुणाला भाकरी थापता येत नाही, तसंच आहे हे. बघणं सोपं असतं म्हणून समजल्यासारखं वाटतं. त्यामुळे कुठलंही ॲप, कुठलंही मशीन आलं की मी एकच विचारतो, ह्यात पोराला काय करावं लागतंय? नुसतं बघायचं असेल तर पाच मिनिटं ठीक, पुढं बंद करा.

मग करायला लावणारं काय आहे, ते पण पैसे न घालता? प्लिकर्स नावाचं ॲप. हे मी जरा सावकाश सांगतो कारण माझ्या मते ४० पोरांच्या वर्गाला ह्याच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही. पोरांच्या हातात फोन नाही, फक्त एक कागदी कार्ड, त्यावर काळी-पांढरी नक्षी, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. तुम्ही प्रश्न विचारला, पोरांनी आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरलं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला, संपलं, कुणी काय उत्तर दिलं ते सगळं स्क्रीनवर. शेजाऱ्याच्या कार्डातलं उत्तर बघून कॉपी करता येत नाही, कारण त्याची नक्षीच वेगळी. आणि मागच्या बाकावरची ती गप्प पोरगी, जी जूनपासून हात वर करत नाही, तिचं पण उत्तर तुम्हाला मिळतं.

पण खरी मेहनत प्रश्नात आहे बरं का. उदाहरण घ्या, ०.५ आणि ०.३५ यातलं मोठं कोणतं? पर्याय ठेवा ०.५, ०.३५, दोन्ही सारखे, सांगता येत नाही. बरीच पोरं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. हे चुकीचं उत्तर सोन्यासारखं आहे, त्यातून पोराच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. मग लगेच बरोबर उत्तर सांगू नका! शेजाऱ्याला पटवून सांगा म्हणा, दोन मिनिटं गोंगाट होऊ द्या, मुख्याध्यापक डोकावले तर डोकावू द्या, आणि परत कार्ड वर करायला लावा. हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाच्या प्राध्यापकांनी फिजिक्सच्या वर्गात हीच पद्धत रुजवली, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग परत उत्तर. तिथं कॉलेजची मुलं, इथं आपली सहावी, पण समजण्यातली गाडी दोन्हीकडे सारखीच अडते.

दुसरी गोष्ट फोनचा साधा रेकॉर्डर. पोराला परिच्छेद वाचायला लावा, रेकॉर्ड करा, त्यालाच ऐकवा. आपण चूक दाखवण्याआधी ते स्वतःच म्हणतं, सर परत घेऊ का.

आणि आपल्या शहरात तर ह्याला अजून एक बाजू आहे. पूर्व भागातल्या शाळेत घरी तेलुगू, अक्कलकोटकडे गेलात तर घरी कन्नड, कुठे उर्दू, आणि शाळेत मराठी. गुगलच्या कीबोर्डवर बोलून टाइप करायची सोय ह्या चारही भाषांत २०१७ पासून आहे. आजीची गोष्ट पोराने घरच्या भाषेत बोलायची, अक्षरं उमटलेली बघायची, मग तीच मराठीत सांगायची. मशीन चुका करतं, करू द्या, त्या शोधायला पोरांना भारी मजा येते.

पालकांसाठी एकच आकडा. असर नावाच्या, मुलांच्या शिक्षणाच्या २०२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. ह्यावर भाषण देत नाही, घरोघरी तेच चालू आहे. आणि गुरुजी-मॅडम लोकांना, पोरांचे फोटो स्टेटसला टाकताना हात आवरा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक पोर बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

एका सरांनी चिठ्ठी पाठवली आहे, ग्रामपंचायतीकडून शाळेला टीव्ही मिळतोय, घ्यावा का. घ्या की, पण आधी इन्व्हर्टर आणि एक बरा स्पीकर मागा, कारण लाइट गेली की टीव्ही म्हणजे भिंतीवरची काळी पाटी, आणि आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही तर तिथं वेगळाच वर्ग भरतो. खिडकीच्या समोर लावू नका. आणि त्या प्लिकर्सच्या कार्डांची प्रिंट साध्या कागदावरच काढा, टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि फोनला कार्डच ओळखू येत नाही.